दस्ती टाकलेल्या जागेची ऑनलाइन सुनावणी

मेलेल्या माणसाला साडेचार फूट लांब आणि साडेचार फूट रुंद एवढी जागा पुरते. ती मिळवायला जिवंत माणसाला मात्र एक लॅपटॉप, एक ब्राउझर आणि निकाल लागेपर्यंत टिकेल एवढी तब्येत लागते. पहिली गोष्ट जगाला आधीपासून माहीत होती. दुसरी पालम तालुक्यातल्या एका गावानं सिद्ध करून दाखवली, म्हणून हा वृत्तान्त. (गावाचं नाव दिलेलं नाही. ते देण्याची परवानगी मागणारा अर्ज प्रलंबित आहे.)

या गावात लिंगायतांची सव्वाशे घरं आहेत आणि गावाच्या उगवतीला त्यांची रुद्रभूमी आहे. लिंगायतांत माणूस गेला की त्याला बसवून समाधी देतात. त्यामुळे इथली जागा आडवी मोजत नाहीत, बसती मोजतात. एसटीतल्या सीटसारखी. ही तुलना सिद्धलिंग अप्पांची. अप्पा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आणि जगातली बहुतेक माणसं त्यांना बसलेली, उभी आणि दारात लटकलेली अशा तीन प्रकारांत समजत.

आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायको सिद्धम्मा गेली. लोकांनी अप्पांना रडताना पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच रुद्रभूमीत गेले. सिद्धम्माच्या समाधीच्या उजव्या हाताला मोकळी जागा होती. तिच्यावर त्यांनी खिशातली दस्ती पसरली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि घरी येऊन झोपले.

दस्ती म्हणजे हातरुमाल, पण परभणी जिल्ह्यात तिचा हुद्दा रुमालापेक्षा मोठा आहे. एसटी फलाटाला लागता लागता खिडकीतून सीटवर दस्ती टाकली की ती सीट टाकणाऱ्याची झाली. मग तो चहा पिऊन, लघवीला जाऊन, ओळखीच्या माणसाशी भांडून सावकाश चढला तरी चालतं. कोर्टाचा हुकूम न मानणारी माणसं या जिल्ह्यात आहेत. दुसऱ्याची दस्ती बाजूला करून बसणारा माणूस मात्र अप्पांना एकतीस वर्षांत दोनदाच भेटला, आणि दोन्ही वेळा तो परजिल्ह्यातला निघाला.

अप्पांना तीच जागा का हवी, हे लिहायला जागेच्या अर्जात रकाना नव्हता. ते इथं लिहायला हरकत नाही. सिद्धम्माचं माहेर सोनपेठचं. ती माहेरी निघाली की अप्पांच्याच गाडीनं जायची. ती सीटवर, अप्पा उभे. वाहकासाठी राखीव असलेल्या सीटवर ते तिला बसवत नसत आणि डुटीवर असताना स्वतः तिच्या शेजारी बसत नसत. दोन्हीला नियम होता. शेजारची सीट रिकामी झाली की ती हातानं धूळ झटकून म्हणायची, "बसा की जरा." अप्पा म्हणायचे, "डुटीवर हाय मी." ते रिटायर झाले तोवर तिचे गुडघे गेले होते. ती पुन्हा एसटीत चढली नाही.

आता ही जागा देणाऱ्या समितीकडे वळू.

पूर्वी रुद्रभूमीतली जागा बोटानं मिळत असे. पंचांपैकी कोणीतरी लिंबाखालून उठायचा, दहा पावलं चालायचा, बोट दाखवून "इथं" म्हणायचा आणि सगळे चहाला जायचे. राजशेखर अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी या पद्धतीतले दोष गावाला समजावून सांगितले. बोटाची नोंद राहत नाही. बोट सेव्ह होत नाही. एका बोटासमोर दोन माणसं उभी असली तर ते कोणाकडे होतं, हे नंतर सांगता येत नाही. शिवाय बोट दाखवणारा माणूसही कधीतरी तिथंच जातो आणि मग पुरावा उरत नाही.

राजशेखर यांचं खताचं दुकान आहे. गेल्या वर्षी ते बंगळुरूला मुलाकडे तीन आठवडे राहून आले. मुलगा दिवसभर खोलीचं दार लावून "माझी स्क्रीन दिसते आहे का?" असं विचारत होता आणि त्याचा त्याला पगार मिळत होता. हे पाहून राजशेखर परतले आणि रुद्रभूमी व्यवस्थापन समितीचा कारभार ऑनलाइन झाला. तालुक्यातला हा पहिलाच प्रयोग. (दुसरा अजून झालेला नाही.)

नवी पद्धत सोपी आहे. दर दुसऱ्या सोमवारी सकाळी अकरा वाजता सभा. अर्जदारानं ब्राउझरमधून सभेत यायचं, समितीनं बनवून घेतलेला रुद्रभूमीचा रंगीत नकाशा उघडायचा, आपली स्क्रीन सगळ्यांना दाखवायची आणि हव्या त्या चौकोनावर बाण नेऊन थांबायचं. तीन सभांत हे जमलं नाही तर अर्ज नस्तीबद्ध, म्हणजे कायमचा बंद. नियम चार सांगतो: 'जी जागा स्क्रीनवर दिसत नाही, ती अस्तित्वात नाही असे समजण्यात येईल.' नकाशा जर समितीकडेच आहे तर तो समितीनंच का उघडू नये, अशी एका अर्जदारानं विचारणा केली होती. मागणाऱ्यानं दाखवायचं आणि देणाऱ्यानं पाहायचं, हे तत्त्व त्याला समजावून सांगण्यात आलं.

पहिल्या वर्षाचे आकडे उत्साह वाढवणारे आहेत. एकूण अर्ज एकोणीस. नकाशा दिसला, दोन. स्क्रीन दिसली पण तिच्यावर भलतंच काही होतं, सहा. (एकाच्या स्क्रीनवर सोयाबीनचे भाव होते. ते समितीला उपयोगी पडले.) प्रलंबित, सात. उरलेले चार अर्जदार तारीख लागण्याआधीच जागेवर हजर झाले. त्यांना नियम सहाखाली तात्पुरती जागा देण्यात आली.

सभा ऑनलाइन असली तरी कुठूनही भरवता येत नाही, कारण गावात रेंज नाही. मोबाइलचा टॉवर रुद्रभूमीला लागून असलेल्या शेतात उभा राहिला. त्यामुळे जिवंत माणसाला एक काडी रेंज मिळते आणि समाधीतल्याला पाच. म्हणून सभेच्या दिवशी सगळे सभासद रुद्रभूमीतच येतात. जवळजवळ बसलं की एकाचा आवाज दुसऱ्याच्या फोनमध्ये घुमतो, म्हणून वीस वीस पावलं अंतर ठेवून, ज्याच्या त्याच्या आजोबाच्या समाधीला टेकून बसतात आणि फोनमध्ये पाहतात. ज्या जागेची चर्चा चालू असते, ती बहुधा डोळ्यांसमोरच असते. तिच्याकडे पाहायला मनाई आहे. तसं पाहणं ऑफलाइन समजलं जातं आणि ऑफलाइन पाहिलेलं ग्राह्य धरत नाहीत.

समितीचे सचिव मन्मथ मास्तर. निवृत्त गणिताचे शिक्षक. रुद्रभूमीत पाच काड्या नक्की कुठं येतात, याचा त्यांनी फोन समोर धरून तीन दिवस शोध घेतला. अहवाल एका ओळीचा होता: सिद्धम्माच्या समाधीच्या उजव्या हाताला, दस्तीवर. मग अध्यक्षांनी ठराव मांडला की त्या जागी सिमेंटचा सभा-कट्टा बांधावा, वर पत्रा टाकावा आणि बाजूला चार्जिंगची सोय करावी. त्याच जागेसाठी अप्पांचा अर्ज आलेला होता, म्हणून ठराव थांबला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मास्तर सभेला दस्तीवर बसू लागले. दगड त्यांनी हलवले नाहीत. दगडांच्या मधे बसत.

अप्पांकडे लॅपटॉप होता. त्यांची मुलगी अनुपमा पुण्याला असते. आई गेल्यावर तिनं आपला जुना लॅपटॉप बापाला दिला, रोज एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून. रेंज एक काडी असल्यानं तोंड अर्धं दिसायचं. (वरचं अर्धं. बोलताना ओठ दिसत नसत, त्यामुळे ती रडते की हसते हे भुवयांवरून ओळखावं लागे.) सभेसाठी अप्पा लॅपटॉप पिशवीत घालून स्टँडवरच्या धम्मशीलाच्या सेवा केंद्रात नेत. तिथं वायरचं इंटरनेट होतं. धम्मशीला चाळिशीची बाई. सातबारा काढण्यापासून परीक्षेचे फॉर्म भरण्यापर्यंत सगळं करायची. माणसांवर ओरडायची, मशीनवर कधी नाही.

पहिली सभा. ब्राउझरनं अप्पांना विचारलं: ही साइट तुमची स्क्रीन पाहू इच्छिते. परवानगी द्या किंवा नाकारा. अप्पांनी 'नाकारा' दाबलं.

"कामून नाकारलं, अप्पा?"

"वळख ना पाळख, आन म्हणायलंय घरात बघू द्या. कोण हाय ती साइट?"

"समितीच हाय ना ती!"

"मंग तसं सांगावं. मी राजशेखर, खतवाला, म्हणावं. मी कुठं न्हाई म्हणायलोय?"

ब्राउझरचा स्वभाव असा की एकदा नाही म्हटलं की तो पुन्हा विचारत नाही. (हा गुण सोयऱ्यांत आढळत नाही.) त्याची समजूत काढण्यासाठी समितीची छापील पुस्तिका आहे, 'स्क्रीन-दर्शन अडचण निवारण नियमावली', पानं चोवीस. तिच्यातले पहिले उपाय क्रमानं असे: पान पुन्हा उघडा. ब्राउझर बंद करून उघडा. लॅपटॉप बंद करून उघडा. दुसरा ब्राउझर वापरा. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी बदला. बाहेर जाऊन पुन्हा आत या. शेवटचा उपाय कोणी करायचा हे पुस्तिकेत स्पष्ट नाही, म्हणून अप्पा खबरदारी म्हणून केंद्राबाहेर पडले आणि स्टँडला एक फेरी मारून आत आले. तोवर धम्मशीलानं सेटिंगमध्ये परवानगी देऊन ठेवली होती. श्रेय पुस्तिकेला मिळालं.

स्क्रीन गेली. समितीला ती काळी दिसली.

"दिसायलंय का, अध्यक्ष?" अप्पांनी विचारलं.

"काळं दिसायलंय."

"समदंच?"

"समदंच. मास्तर, तुमाला?"

"मलाबी काळंच. एकसारखं हाय. कुठं डाग न्हाई," मास्तर म्हणाले आणि त्यांनी इतिवृत्तात नोंद केली: 'अर्जदाराने काळी जमीन दाखवली. जमीन उत्तम आहे. तथापि चौकोन दाखवला नाही.' पहिली संधी संपली.

दुसऱ्या सभेला ब्राउझरनं परवानगी विचारली नाही. त्यानं वेगळंच विचारलं: काय दाखवायचं? एक टॅब, एक खिडकी की संपूर्ण स्क्रीन? धम्मशीला त्या वेळी एका म्हातारीच्या बोटाचा ठसा मशीनला पटवून देत होती. अप्पांनी स्वतःच विचार केला. सभेला दाखवायचं आहे, तेव्हा सभाच निवडली पाहिजे. त्यांनी सभेचा टॅब निवडला.

मग सभेला सभा दिसू लागली. त्या सभेत आणखी एक सभा होती, तिच्यात आणखी एक. राजशेखर यांच्या आत राजशेखर, त्यांच्या आत राजशेखर, असं होत होत शेवटचे राजशेखर मोहरीएवढे झाले. आपण एवढे लहान होऊ शकतो याची अध्यक्षांना कल्पना नव्हती.

"अप्पा, हे काय दाखवायलाव? मला मीच दिसायलो."

"तुमीच हाव की तिथं. मी काय करू?"

त्या दिवशी अकरापैकी पाचच सभासद आले होते आणि गणपूर्तीला सात लागतात. मास्तरांनी चष्मा पुसून चेहरे मोजले. अकराव्या थरापर्यंत चेहरे ओळखू येत होते. पाच अकरा पंचावन्न. गणपूर्ती झाल्याचं त्यांनी जाहीर केलं.

"मास्तर, ही तीच ती माणसं हायत," राजशेखर म्हणाले.

"नियमात 'दिसणारे सभासद' असं लिवलंय. येगयेगळे पाहिजेत असं कुठं लिवलंय?"

हे बरोबर होतं. पण त्यातून दुसरा प्रश्न निघाला. दोन सभासद शेजारच्या टॉवरच्या शेतातून, कॅमेरा बंद ठेवून, नुसते पाहत होते. लहानात लहान राजशेखर हजर आणि हे धडधाकट दोघे गैरहजर, हा अन्याय होता. तो दूर करण्यासाठी नियम अकरा करण्यात आला: 'जो दिसतो तो हजर. जो दिसत नाही पण पाहतो, तोही हजर. पाहणारा काही बोलला नाही, तर त्याची संमती आहे असे धरावे.' नियम पंचावन्न मतांनी मंजूर झाला. अप्पांचा नकाशा तेवढा राहून गेला. दुसरी संधी संपली.

"आता नियम नऊ करावं लागंल," धम्मशीला म्हणाली. नियम नऊ असा आहे: 'ब्राउझरचा इतिहास पुसा. जुना इतिहास साठला की नवे दाखवायला जागा राहत नाही.'

"त्यात काय असतंय?"

"तुमी आजपातुर त्याला काय काय इचारलं, ते समदं लिहून ठिवतंय ते. पुसून टाका. लॅपटॉप हलका व्हईल."

अप्पा पिशवीच्या बंदाशी खेळत बसले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते."

"अवो, ही तिसरी सभा हाय. ही गेली की तिथं कट्टा व्हतो."

"म्हाईत हाय मला. ते म्हाईत हाय."

तिसऱ्या सोमवारी स्टँडवरची लाइट सकाळी नऊलाच गेली. साडेदहापर्यंत आली नाही. धम्मशीलानं केंद्राचं शटर ओढलं, अप्पांना लॅपटॉपसकट स्कूटीवर मागं बसवलं आणि थेट रुद्रभूमीत आणलं. आपल्या फोनचं नेट तिनं लॅपटॉपला जोडून दिलं. अप्पा सिद्धम्माच्या समाधीच्या डाव्या हाताला बसले. उजव्या हाताला, दस्तीवर, मास्तर बसलेले होते. दोघांमध्ये समाधी. सभा सुरू झाल्याबरोबर दोघांचेही आवाज एकमेकांत घुमू लागले.

"मास्तर, सरका जरा. घुमायलंय."

"सचिवाला हलता येत न्हाई. इथं पाच काड्या हायत."

"मास्तर, त्या सीटवर दस्ती हाय."

"मला दिसायली न्हाई."

"तुमच्या बुडाखाली हाय!"

"ते ऑफलाइन झालं, अप्पा. काय आसंल ते स्क्रीनवर दाखवा."

सभा सुरू होण्याआधी अप्पांनी नियम नऊ पाळायचं ठरवलं होतं. इतिहासाचं पान उघडलंही होतं. 'सर्व पुसा' असं लिहिलेल्या खुणेवर त्यांनी बोट नेलं, ते बराच वेळ तिथंच राहिलं, आणि तेवढ्यात अध्यक्षांनी पुकारा केला. बोट मागं आलं. धम्मशीलानं बजावून ठेवलं होतं की टॅब निवडायचा नाही, संपूर्ण स्क्रीन निवडायची. त्यांनी संपूर्ण स्क्रीन निवडली. परवानगी दिली. आणि समितीच्या स्थापनेपासून कोणाची दिसली नसेल इतकी स्वच्छ स्क्रीन सगळ्या सभासदांना दिसली.

तिच्यावर नकाशा नव्हता. इतिहासाचं पान होतं.

स्क्रीनवर जे दिसेल ते सचिवांनी मोठ्यानं वाचून इतिवृत्तात घ्यावं, असा नियम बारा आहे. मास्तरांनी घसा साफ केला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं वाचायला सुरुवात केली.

"स्क्रीन शेअर का होत नाही. स्क्रीन शेअर का होत नाही. एका माणसाच्या भाकरीला पीठ किती. फोडणीत आधी मोहरी का जिरं. स्क्रीन शेअर केली तर समोरच्याला काय काय दिसतं. सवयीनं दोन कप चहा होतो, उपाय. जुन्या फोनमधला बायकोचा आवाज पुसला जाऊ नये म्हणून काय करावं. बसवून समाधी दिल्यावर गुडघे दुखतात का." मास्तर थांबले. खाली आणखी एक ओळ होती. ती त्यांनी हळू वाचली. "स्क्रीन शेअर का होत नाही."

मग आवाज गेला.

"मास्तर, आवाज येईना," थोड्या वेळानं राजशेखर म्हणाले. "तुमी म्यूट हाव का?"

मास्तर म्यूट नव्हते. सगळ्यांनी आपापले फोन तपासले. कोणीच म्यूट नव्हतं. टॉवर चालू होता, काड्या पाच होत्या. कोणी बोलत नव्हतं एवढंच. या अडचणीवर चोवीस पानांत उपाय दिलेला नाही.

"दिसायलंय का?" अप्पांनी विचारलं.

"दिसायलंय," राजशेखर म्हणाले. ते वीस पावलांवर होते. त्यांचं उत्तर आधी हवेतून आलं आणि मग फोनमधून, त्यामुळे अप्पांना ते दोनदा ऐकू आलं.

त्यानंतर अध्यक्षांनी कॅमेरा बंद केला. नेटवर्क नीट नाही, असं त्यांनी कळवलं.

मास्तरांनी इतिवृत्त पूर्ण केलं: 'स्क्रीन स्वच्छ दिसली. तथापि नकाशा नसून खाजगी बाबी होत्या. तिसरी संधी संपली. अर्ज नस्तीबद्ध.'

धम्मशीला उभी राहिली. "अवो मास्तर, जागा समोर हाय. बाई समोर हाय. माणूस समोर बसलाय. आजून काय बघायचं राहिलंय तुमचं?"

मास्तरांनी फोनमध्ये पाहत उत्तर दिलं. "ताई, तुमी अर्जदार न्हाई. तुमी सभेतबी न्हाई. तुमचं बोलणं समितीला ऐकू येत न्हाई."

ती त्यांच्यापासून दोन हातांवर होती.

नंतर कट्ट्याचा विषय निघाला. माप घ्यायचं ठरलं. पिशवीतून टेप काढायला मास्तर उठले आणि लिंबाकडे चार पावलं गेले. एकतीस वर्षं ज्यानं गाड्यांतून सीट रिकामी होताना पाहिली, त्याला चार पावलांचा वेळ पुष्कळ होतो. अप्पा उठले, समाधीला वळसा घालून पलीकडे गेले, चारही दगड बाजूला केले, दस्ती झटकून घडी करून खिशात घातली आणि बसले. प्रवासी स्वतः आला की दस्तीचं काम संपतं. मांडी घातली, पाठ ताठ केली. ज्या स्थितीत तिथं बसायचं असतं, त्याच स्थितीत.

मास्तर टेप घेऊन आले. "उठा, अप्पा. माप घ्यायचंय."

"सीटवर माणूस हाय," अप्पा म्हणाले.

मग डावीकडे जरा मान वळवून, फोनमध्ये जाणार नाही इतक्या हळू, ते आणखी दोन शब्द बोलले. धम्मशीला जवळ होती म्हणून तिला ऐकू आले. "बसलो बघ."

तेव्हापासून अप्पा रोज सकाळी सातला येतात आणि दिवस मावळेपर्यंत बसतात. दुपारी अनुपमाचा फोन येतो. इथं पाच काड्या असल्यानं तिचं पूर्ण तोंड दिसतं. थर्मासमध्ये चहा असतो. तो अजून दोन कपच होतो, एक धम्मशीला येता-जाता पिते. काम सुरू होऊ शकलेलं नाही. मास्तरांच्या अहवालात नोंद आहे: 'कट्ट्याच्या जागी अडथळा. एक इसम, बसलेला, जिवंत.' जागेवर आधीच हजर झालेल्याला नियम सहाखाली तात्पुरती जागा मिळू शकते, पण त्यासाठी तो जिवंत असून चालत नाही. अप्पांची ही अट पूर्ण करायची तयारी आहे. घाई नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

समितीला मात्र घाई आहे. इसमास उठवावं आणि कट्टा बांधावा, असा ठराव गेल्या सोमवारी सभेपुढे आला. हजर सभासद तीन. अध्यक्ष कॅमेरा बंद करून, काही न बोलता पाहत होते, म्हणून नियम अकराप्रमाणे ते धरून चार. गणपूर्तीला तीन कमी पडले. मास्तरांनी नियम पुन्हा वाचला आणि त्यांना उरलेले सापडले.

हे कामकाज तुम्ही पहिल्या ओळीपासून पाहत आहात. तुमचा कॅमेरा बंद आहे. एवढ्या वेळात तुम्ही काही बोलला नाहीत. दोन-चार ठिकाणी हसलात, पण हसणं हरकतीत धरत नाहीत. तेव्हा तुमची हजेरी लावण्यात आली असून, सिद्धलिंग अप्पांना उठवण्याचा ठराव तुमच्या संमतीनं सर्वानुमते मंजूर झाला आहे. हरकत असल्यास पुढच्या सभेच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता स्क्रीन शेअर करून नोंदवावी. नुसती मान हलवलेली इकडे दिसत नाही.